स्कॅनमधला श्वास : दुरुस्ती की अंदाज?

छातीचा किंवा पोटाचा स्कॅन चालू असताना रुग्ण श्वास घेतो आणि त्यामुळे चित्र बिघडते. असे चित्र नीट करण्याच्या अनेक पद्धती गेल्या चाळीस वर्षांत निघाल्या. या सगळ्यांना मिळून ‘श्वासाची दुरुस्ती’ म्हणतात. विज्ञानाची ओळख करून देणाऱ्या लेखांत या विषयाला बहुधा एकच वाक्य मिळते : ‘आधुनिक यंत्र श्वासाची हालचाल वजा करून स्पष्ट प्रतिमा देते.’ आमची तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते पूर्ण खोटे नाही, पण त्यातून असा समज होतो की हालचाल म्हणजे चित्रावर साचलेली धूळ आहे आणि ती पुसली की खालचे खरे चित्र जसेच्या तसे मिळते. प्रत्यक्षात काही दुरुस्त्या मोजमाप करतात, काही अंदाज बांधतात, आणि दोन्हींची चित्रे सारखीच सुबक दिसतात. हा फरक शिक्षकांनी समजून घ्यावा आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना दाखवावा, म्हणून हा लेख.

वाघूर नदीकाठच्या आमच्या पहूर गावातून स्कॅन काढायला जायचे तर जामनेर, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. माणूस परत येतो तो हातात मोठे पाकीट घेऊन. पाकिटातली फिल्म तो खिडकीच्या उजेडात धरून पाहतो आणि पुष्कळदा ती शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही दाखवतो. ‘सर, हा फोटो बघा ना’ असे म्हणतो. निदान करणे हे आपले काम नव्हे. पण ‘फोटो’ या शब्दापाशी थांबून दोन गोष्टी समजावून सांगणे हे मात्र नक्की आपले काम आहे.

फोटो आणि स्कॅन

फोटोत सगळे दृश्य एका क्षणात टिपले जाते. स्कॅन तुकड्यातुकड्याने घेतला जातो आणि मग जोडला जातो. याला जवळचे उदाहरण म्हणजे मोबाइलवरचा पॅनोरमा. अजिंठ्याच्या समोरच्या टेकडीवरून सगळ्या लेण्यांचा पॅनोरमा काढताना एखादा मुलगा मोबाइल वळेल त्याच दिशेने चालत राहिला, तर तो चित्रात ताणलेला किंवा दोनदा दिसतो. उलट दिशेने चालला तर अरुंद होतो किंवा अर्धाच दिसतो. लेणी मात्र ठाकठीक येतात, कारण ती हलत नाहीत. मोबाइलच्या गणिताने एकच गोष्ट गृहीत धरलेली असते : तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतले असले तरी समोरचे दृश्य तेच आहे.

सीटी स्कॅनचे गणितही हेच गृहीत धरते. ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये दाखवले की एखाद्या वस्तूतून सर्व दिशांनी जाणाऱ्या रेषांवरील बेरजा माहीत असतील, तर वस्तूच्या आत कुठे काय आहे ते काढता येते. १९७१ मध्ये गो. ना. रामचंद्रन आणि अ. वि. लक्ष्मीनारायणन यांनी ही आकडेमोड सोपी आणि जलद करणारी रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाची गाळणी आजही प्रतिमाशास्त्राच्या पुस्तकांत शिकवली जाते. पण सगळ्या दिशांच्या बेरजा एकाच, न हललेल्या वस्तूच्या असल्या पाहिजेत, ही अट दोन्ही ठिकाणी आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात पहिला रुग्ण तपासला, तेव्हा एका वेळच्या मोजणीला ४ ते ५ मिनिटे लागत. म्हणून सुरुवात डोक्यापासून झाली. डोके आधार देऊन स्थिर ठेवता येते. छाती तशी स्थिर ठेवता येत नाही.

आता थोडे आकडे पाहू. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एक श्वास ३ ते ५ सेकंदांचा. शांत श्वसनात श्वासपटल १ ते २ सेंटिमीटर खालीवर होते आणि खोल श्वासात याच्या कित्येक पट. श्वासपटलाला लागून असलेले यकृत त्याच्याबरोबर सरकते. स्वादुपिंड आणि मूत्रपिंडेही सरकतात. फुप्फुसाचा खालचा भाग बराच हलतो, शेंड्याचा भाग कमी. श्वासपटल २ सेकंदांत १५ मिलिमीटर सरकले असे धरले, तर आजच्या यंत्राच्या अर्ध्या सेकंदाच्या एका फेरीतही ते सुमारे ४ मिलिमीटर सरकलेले असते. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो.

बारा पट्ट्यांचा प्रयोग

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. त्याला लागतो कागद, पुठ्ठा आणि पेन्सिल. एका कागदावर १२ सेंटिमीटर उंचीचे यकृताचे चित्र काढा आणि त्यावर एकेक सेंटिमीटरच्या १ ते १२ आडव्या ओळी आखा. सहाव्या ओळीत एक ठळक काळा ठिपका द्या. ही आपली गाठ. दुसरा एक ठिपका, लाल रंगाचा, पाचव्या ओळीत द्या. पुठ्ठ्यात एक सेंटिमीटर उंचीची आडवी फट कापा. ही फट म्हणजे स्कॅनर.

आता एक विद्यार्थी फट दर टाळीला एक सेंटिमीटर खाली नेईल. दुसरा विद्यार्थी त्याच टाळीला खालचे चित्र ‘श्वासाप्रमाणे’ खाली सरकवेल : ०, १, २, १ सेंटिमीटर, आणि पुन्हा ०, १, २, १. तिसरा विद्यार्थी फटीतून जे दिसेल ते दुसऱ्या कागदावर त्या त्या जागी उतरवेल. बारा टाळ्यांनंतर उतरवलेल्या ओळींचे क्रमांक असे येतील : १, १, १, ३, ५, ५, ५, ७, ९, ९, ९, ११.

नवे चित्र पाहून मुले हसतील, कारण कडा पायऱ्यांसारख्या झालेल्या असतात. लाल ठिपका एकाऐवजी तीनदा आलेला असतो. आणि काळा ठिपका? तो कुठेच नाही. सम क्रमांकाची एकही ओळ फटीखाली आलीच नाही.

आता दुरुस्ती करू. सरकण्याची यादी मुलांच्या हाती द्या आणि प्रत्येक पट्टी तिच्या मूळ जागी न्यायला सांगा. तीन लाल ठिपक्यांचा एक होईल, पायऱ्या जातील, पण २, ४, ६, ८, १०, १२ या जागा रिकाम्या राहतील. ‘त्या भरा’ म्हटले की मुले शेजारच्या दोन ओळी पाहून मधली ओळ काढतील. शेवटची बारावी ओळ तर अकरावीकडे पाहून काढावी लागेल. चित्र अगदी गुळगुळीत आणि पाहायला छान होईल, आणि त्यात गाठ नसेल.

जे मोजले पण चुकीच्या जागी ठेवले गेले, ते दुरुस्तीने योग्य जागी आणता येते. जे मोजलेच गेले नाही, ते कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. या विषयावरचा कोणताही लेख या एका कसोटीवर तपासावा, असे आम्हाला वाटते.

पद्धतींची पारख

पहिली पद्धत सर्वांत जुनी : श्वास रोखून धरणे. आपल्या प्रयोगात चित्र सरकवणाऱ्याने हात स्थिर ठेवला की बारा टाळ्यांत बाराही ओळी मिळतात. १९८९ च्या सुमारास सर्पिल सीटी आली, १९९८ च्या सुमारास एका फेरीत अनेक छेद घेणारी यंत्रे आली. आज पूर्ण छातीचा स्कॅन एका श्वासाच्या आत होतो. या पद्धतीत अंदाज जवळजवळ नाही. पण दम लागलेला वृद्ध, लहान मूल, बेशुद्ध रुग्ण यांना ती जमत नाही. शिवाय दर वेळी श्वास तेवढाच खोल घेतला जाईल याची खात्री नसते.

दुसरी पद्धत गेटिंग. गावातल्या रेल्वे फाटकासारखे हे आहे : श्वास ठरावीक टप्प्यावर असेल तेव्हाच मोजणीचे फाटक उघडायचे. आपल्या प्रयोगात सरक ० असतानाच फटीतून पाहायचे ठरवले, तर चारपैकी एकच टाळी कामाची राहते आणि वेळ सुमारे चौपट लागतो. चित्र प्रामाणिक मिळते, पण त्याची किंमत रुग्णाच्या वेळात किंवा किरणांच्या मात्रेत मोजावी लागते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे तिथे ही किंमत फक्त वेळेची. तिथली अडचण जरा वेगळी आहे. एमआरआयच्या प्रत्येक मोजणीत संपूर्ण चित्राचा अंश असतो, म्हणून श्वासामुळे एकच जागा बिघडत नाही, पोटाच्या कडेच्या भुतासारख्या छाया चित्रभर पसरतात. १९८९ मध्ये यावर एक चांगला उपाय पुढे आला. अधूनमधून एक छोटी मोजणी घेऊन श्वासपटल नेमके कुठे आहे हेच पाहायचे. ही मोजणी रुग्णाच्या आतली आहे, पोटावरची नाही. म्हणून आम्ही तिला वरचे गुण देतो.

तिसरी पद्धत चार मितींच्या सीटीची. ती २००० नंतरच्या काही वर्षांत रूढ झाली. रुग्णाच्या पोटावर एक खूण ठेवून कॅमेरा तिचे वरखाली होणे टिपतो. प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास होईपर्यंत मोजणी चालते आणि नंतर सगळे छेद श्वासाच्या साधारण दहा टप्प्यांत वाटून लावले जातात. कल्पना सुरेख आहे, पण तिच्या पोटात दोन गृहीतके आहेत. पहिले, सगळे श्वास सारखे आहेत. दुसरे, पोट जेवढे हलते त्यावरून आतली गाठ किती हलली ते कळते. रुग्ण खोकला, घाबरून लांब श्वास घेतला, किंवा पोटाऐवजी छातीने श्वास घेऊ लागला, की दोन्ही गृहीतके डळमळतात. ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेत ५० रुग्णांची अशी चित्रे तपासणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४५ जणांच्या चित्रांत किमान एक तरी दोष सापडला. ही पद्धत टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. ती वापरणाऱ्याने चित्राबरोबर श्वासाचा आलेखही पाहिला पाहिजे, असा याचा अर्थ आहे.

चौथी पद्धत जुळणीची. दोन वेगळ्या टप्प्यांची चित्रे घेऊन एक चित्र रबरासारखे ताणायचे आणि दुसऱ्यावर बसवायचे. इथे संगणक असे धरतो की शेजारचे बिंदू साधारण सारखेच सरकतात. यकृताच्या आत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण फुप्फुस छातीच्या भिंतीवरून घसरते. फुप्फुस खाली जाते आणि त्याला चिकटून दिसणारी बरगडी तिथेच राहते. रबराच्या नियमाला अशी घसरण मान्य नसल्यामुळे नेमक्या त्या सीमेवर जुळणी चुकते. घसरण लक्षात घेणाऱ्या सुधारित रीती निघाल्या आहेत. तरीही जुळवलेले चित्र हे मोजमाप आणि गृहीतक यांचे मिश्रण असते. चित्राकडे नुसते पाहून कुठे काय आहे हे ओळखता येत नाही.

अलीकडे पाचवी पद्धत आली आहे. हजारो चित्रांवर तयार केलेले संगणकी जाळे अपुऱ्या मोजणीतून पूर्ण चित्र तयार करते. आपल्या प्रयोगात सम ओळी भरणाऱ्या हुशार मुलासारखेच हे आहे, फक्त या मुलाने पूर्वी लाखभर यकृते पाहिलेली आहेत. तो फार चांगले अंदाज बांधतो. पण ही गाठ त्याने पाहिलेली नाही. मेंदूच्या एमआरआयवर घेतलेल्या २०२० च्या फास्टएमआरआय स्पर्धेच्या अहवालात अशा जाळ्यांनी मूळ चित्रात नसलेल्या रचना तयार केल्याची उदाहरणे नोंदवली आहेत. तिथे प्रश्न श्वासाचा नव्हता, जलद स्कॅनचा होता. पण रिकामी जागा सवयीने भरण्याचा धोका तोच आहे.

जळगावचे केळे आणि पेट स्कॅन

हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो पेट स्कॅनमध्ये. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. २००४ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र असलेले यंत्र आले. या तपासणीत शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी साखरेसारख्या पदार्थाची चमक मोजतात. चमक मंद असल्याने शरीराच्या एकेका भागाला २ ते ३ मिनिटे लागतात. मिनिटाला १५ श्वास धरले तर ३० ते ४५ श्वास! इतका वेळ श्वास रोखणे अशक्य. त्यामुळे १० मिलिमीटरची गाठ १५ मिलिमीटर हलत असेल, तर ती २५ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरते आणि फिकी दिसते. मागच्या तपासणीपेक्षा चमक कमी दिसली, तर ते औषधाचे यश आहे की श्वासाचा परिणाम, असा प्रश्न उभा राहतो.

शरीरातून बाहेर येताना काही किरण शोषले जातात. त्याची भरपाई सीटीच्या चित्रावरून करतात. सीटी मात्र काही सेकंदांत, श्वासाच्या एकाच टप्प्यावर झालेली असते. ती खोल श्वासात घेतली गेली, तर सीटीत जिथे फुप्फुसाची हवा आहे तिथे पेटच्या वेळी यकृत असते. भरपाई कमी पडते आणि श्वासपटलाच्या वर एक वाकडी, फिकट पट्टी उमटते. तिच्या आकारावरून जगभरचे तज्ज्ञ तिला चक्क ‘केळे’ म्हणतात! केळीच्या बागांनी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे नाव विसरता येणार नाही. पण परिणाम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या एका अभ्यासात ६ जणांच्या बाबतीत यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसात असल्यासारखी दिसली होती. गाठ एका अवयवात की दोन, यावर आजाराची अवस्था ठरते आणि अवस्थेवर उपचार.

लक्षात घ्या, ही चूक करणारी पायरी स्वतःच एक ‘दुरुस्ती’ होती. म्हणूनच जाणकार डॉक्टर शंका आली की भरपाई करण्यापूर्वीचे चित्रही उघडून पाहतात. केळे दुरुस्त चित्रात असते, मूळ चित्रात नसते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखी ही सवय आहे : निष्कर्ष पाहावा आणि कच्ची नोंदही पाहावी.

पेटमध्येही गेटिंग करता येते. श्वासाचे ५ टप्पे केले तर प्रत्येक टप्प्याला एक पंचमांश नोंदी मिळतात आणि चित्रातला खरखरीतपणा ५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.२ पट वाढतो. हालचाल गेली, दाणेदारपणा आला. फुकट काहीच मिळत नाही.

कबुली देणारी शाखा

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटते ती किरणोपचाराची शाखा. तिथे चित्रानुसार गाठीवर किरण सोडायचे असतात, त्यामुळे चूक झाकून चालत नाही. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आतल्या हालचालीसाठी गाठीभोवती वेगळा वाव धरण्याचा संकेत घातला. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ च्या अहवालात सांगितले की हालचाल ५ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर तिचा बंदोबस्त करावा. ‘आम्हाला इतके नक्की माहीत नाही, म्हणून इतका वाव ठेवला’ असे इथे आकड्यात लिहिले जाते. प्रयोगवहीत आपण मुलांना मोजमापाची त्रुटी लिहायला सांगतो, तसेच हे आहे. निदानाची फिल्म घरी नेणाऱ्या रुग्णाला असा वाव कुठे लिहिलेला दिसत नाही. तिथे फक्त रेखीव कडा दिसतात. आमची मुख्य टीका इथे आहे. चित्र कितपत मोजलेले आणि कितपत भरलेले आहे, हे सांगण्याची रीत चित्र सुबक करण्याच्या रीतींइतक्या वेगाने वाढलेली नाही.

आणि एक साधी गोष्ट. सर्वांत कमी अंदाजाची पद्धत म्हणजे श्वास रोखणे, हे आपण पाहिले. ती यशस्वी होते की नाही हे बरेचसे एका सूचनेवर अवलंबून असते. पुष्कळ सीटी यंत्रांत सूचना आधीच ध्वनिमुद्रित केलेली असते. ती इंग्रजीत किंवा घाईच्या हिंदीत आली, आणि रुग्ण तावडी, लेवा गणबोली किंवा अहिराणी बोलणारी आजी असली, तर पहिला छेद होईपर्यंत तिला काय करायचे हेच कळत नाही. ‘दम धरा’ म्हणावे तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘घाई करू नका’ असाही होतो! स्कॅनपूर्वी दोन मिनिटे तिच्या बोलीत समजावून एकदोनदा सराव करून घेतला, तर पुढची कितीतरी आकडेमोड वाचेल. नव्या यंत्राच्या कौतुकाचे लेख पुष्कळ येतात. या दोन मिनिटांवर कुणी लिहीत नाही, कारण त्यात नवे यंत्र नाही.

स्कॅनवर विश्वास ठेवू नये, असे यातून कुणी समजू नये. हे दोष तज्ज्ञांनीच शोधले आणि तज्ज्ञांनीच प्रसिद्ध केले, हीच विश्वासाची जागा आहे. शाळेत आपण एवढे करू शकतो : बारा पट्ट्यांचा प्रयोग करून घ्यावा, आणि कोणतेही दुरुस्त चित्र पाहिले की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. यात मोजलेले किती आणि भरलेले किती? दुरुस्तीने काय गृहीत धरले? आणि या स्पष्टपणाची किंमत वेळेत, किरणांत की शंकेत मोजली? गावातल्या एखाद्या घरात स्कॅनचे पाकीट येईल, तेव्हा डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारणारे एक तरी माणूस त्या घरात असेल.